दोर आखडेना

चावडीहून पहाटेची कदंब. करमल घाटात
आई दोनदा ओकली, आणि दोन्ही वेळा
माझाच रुमाल मागून घेतला.
बांबोळीला ऊन चढलेलं.

सिस्टर एफिजीनाने काचेची बाटली टांगली.
साध्या प्लास्टिकच्या पिशवीत हे ठेवायचं नसतं, म्हणाली,
पिशवीतलंच काहीबाही ते ओढून घेतं.
तीन तास.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो.
दरवर्षी फळ्यावर विभागणारी पेशी काढतो:
दोन ध्रुव, मधोमध गुणसूत्रांची दाटी,
आणि ध्रुवांपासून त्यांच्यापर्यंत खडूच्या रेघा.
त्या रेघा कशाच्या बनलेल्या असतात
हे अठरा वर्षांत एकाही मुलाने विचारलेलं नाही.
आईने विचारलं.
"हें वखद करता तरी कितें?"

म्हटलं, रापण आठव. आगोंदची वाळू,
एका दोराला बाबा, दुसऱ्याला बाबलोकाका,
मधे जाळं –
"थांब," आई म्हणाली. "रापणीत दोगूय एकाच दर्याकांठार ओढतात.
तुज्या पेशींत दोन कांठ."

खरंच, दोन कांठ.
माझ्या उपमेला तिने तिथेच भोक पाडलं,
जाळं विणणाऱ्या बाईला भोक आधी दिसतं.

मग सरळच सांगितलं.
दोर नव्हे, नळी. पोकळ.
जोडमण्यांच्या तेरा माळा शेजारी शेजारी उभ्या,
टोकाला मणी चढतात, टोकालाच गळतात,
क्षणात लांब, क्षणात भुईसपाट.
गळत गळत आखडते, तेव्हाच ओढते.
विस्कटता येणं हेच तिचं बळ.

आणि औषध?
नळीच्या आतल्या अंगाला एक खोबण असते,
तिथे जाऊन बसतं.
मण्याला शेजारच्या मण्याशी धरून ठेवतं.
कापत नाही, जाळत नाही.
धरतं.

मग दोर वाढतात, ताठतात, जुडगे होतात,
पण आखडत नाहीत.
अर्धी वाटणी झालेल्या घरासारखी पेशी
मधोमध उभी राहते.
वाट बघते.
वाट बघून बघून मरते.

बाटलीत थेंबामागे थेंब.
पलीकडच्या खाटेवर कुणीतरी मोबाईलवर
मडगावच्या मासळीचा भाव विचारत होतं.

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"खाऱ्या उदकान फुगिल्ली गांठ.
ती सुटना. सुरयेन कापची पडटा."
आणि थोड्या वेळाने:
"आनी जें बरें आसा, ताका ही गांठ कळटा?"

याचं उत्तर मला पाठ होतं, दिलं नाही.
पाठीच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत
एकेक मज्जातंतू जातो, इतका लांब,
आणि त्याच्या आत त्याच नळ्या,
त्यांच्यावरून सगळी ने-आण.
औषधाला पत्ता वाचता येत नाही.
थंड रानातल्या एका झाडाने ते सालीत करून ठेवलं
स्वतःच्या कुठल्या तरी वैऱ्यासाठी.
आम्ही त्याच्या हिशेबात नव्हतो.

पाचव्या खेपेआधी
आईच्या बोटांतून अबोली निसटू लागली.
न बघता फाती गुंफणारी ही बाई
केळीच्या सोपाचा धागा डोळ्यांजवळ धरून शोधायची.
"दुसऱ्याचीं बोटां घालून आयल्यां हांव," म्हणायची.
आडोळीवर अंगठा कापला
ते तिला खोबरं लाल झालं तेव्हा कळलं.

त्या पहाटे बसमध्ये तिने टोपली माझ्या मांडीवर ठेवली.
तू गुंफ. मी सांगते.
दोन फुलं अशी, दोन तशी, फास, ओढ,
इतकं नको ओढूस, देठ तुटतो.
काणकोण ते बांबोळी, एक वीतभर फाती,
तीही वाकडी.

केस नव्हते माळायला.
तिने ती बाटलीच्या दांडीला बांधायला लावली.
एफिजीना म्हणाली, हे इथे चालत नाही हां.
आणि थेंब मोजायला लागली.
संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा
फाती दांडीवरच होती. गाठ मी मारलेली,
सैल.