सार्जंटच्या लेकी

एकविसाव्या दिवशी पहाटे
चुलीशेजारच्या पेटीतून आवाज येतो,
कुणीतरी आतून नखाने दार खरवडावं तसा.
एलिसेओ कूस बदलतो : झोप गं, ती कुठे पळून चाललीत?
मी उठते. सप्टेंबर आहे, बुदी तळ्यावरून वारा सुटलाय,
गुरुवारी तेमुकोहून पाइनेमाल येणार टेम्पो घेऊन.
त्याला फक्त माद्या हव्यात.

अंग सुकलं की एकेक पिल्लू तळहातावर घ्यायचं.
सगळी काळी, कोळशाच्या वखारीत जन्मल्यासारखी.
डोक्यावर पांढरा ठिपका असला तर नर.
नसला तर मादी.
त्यासाठी बाप काळा लागतो, आई पट्टेरी.
जोडी उलटी लावलीत तर काही कळायचं नाही.
पट्टे आई फक्त मुलग्यांना देते,
मुलींच्या हाती काहीच नाही.
सासूबाईंना हे समजावून सांगितलं
तर म्हणाल्या, यात नवीन काय?

माझी आई अंडं दिव्यासमोर फिरवायची :
टोकदार तो कोंबडा, गोल ती कोंबडी.
निम्म्या वेळा तिचं बरोबर निघायचं.
उरलेल्या वेळी चूक अंड्याची असायची.

रंगाचं म्हणाल तर
तपकिरी रंग वरवरचा, शेवटच्या घटकेला फासलेला.
अंडं ओलसर असताना अंगठा घासा, बोटाला लागतो.
निळा तसा नाही. टरफल फोडा,
आतून बघा, तिथेही तो आहेच.
निळ्यावर तपकिरी चढला की हिरवट, ऑलिव्हसारखा.
शहरातले लोक त्या हिरव्याला दुप्पट देतात
आणि आत बलक पिवळाच निघाला म्हणून थोडे हिरमुसतात.

ते कानांजवळच्या झुपक्यांनाही पैसे मोजतात.
मीही मोजले होते, पहिल्या वर्षी.
नर झुपक्यांचा, मादी झुपक्यांची, म्हटलं घर भरेल.
चारांतलं एक पिल्लू कवचातच राहिलं,
पिसं फुटलेली, चोच वळलेली,
फक्त बाहेर न आलेलं.
मला वाटलं दिवा कमी पडला. पाणी कमी पडलं.
दुसऱ्या खेपेलाही तेच, चारांतलं एक.
तेव्हापासून माझ्याकडे जोडीतल्या एकाचेच कान सजलेले असतात.
वहीतलं ते पान मी फाडलेलं नाही.

गुरुवारी एकेचाळीस.
एकोणीस बिनठिपक्याची, एकवीस ठिपक्याची,
आणि एक असं, की डोक्यावर तीन-चार पांढरे केस,
ठिपका म्हणावा तर नाही, नाही म्हणावं तर आहे.
पाइनेमालने ते उन्हात धरलं, चष्मा पुसला, परत दिलं.
नरांचं काय करतेस?
वाढवते, मग खाते.
तो हसला. तो जिथे आधी कामाला होता
तिथे त्यांना दुसरा दिवस दिसत नसे.
हसू विरल्यावर त्याने पैसे दोनदा मोजले.
सोळा त्याला दिली. तीन माझी.
आणि ते चौथं, कारण जे विकलं जात नाही
ते ठेवून घ्यावंच लागतं.
जानेवारीत ते आरवलं.

सार्जंटचं मात्र काही ठरत नव्हतं.
खांद्यावर दोन चकचकीत पिसं म्हणून सार्जंट.
त्याच्या रक्तात निळा आहे की नाही
हे त्याच्या अंगावर कुठे लिहिलेलं नाही,
तुऱ्यावर नाही, पायांवर नाही.
कोंबडा काही अंडं घालून दाखवत नाही.
लेकी घालतील तेव्हा कळेल.
तोवर सहा महिने
त्याला दाणे टाकायचे, विश्वासावर.

मार्चमध्ये धाकट्या तलंगेने
खुराड्यात जायचं सोडून एलिसेओच्या बुटात अंडं घातलं.
लहान, जरा वाकडं,
तळ्याकाठच्या शेवाळाच्या रंगाचं.
एलिसेओ बूट हातात घेऊन उभा राहिला, पाय घालायचं विसरून.

मी ते सार्जंटसमोर जमिनीवर ठेवलं.
त्याने एका डोळ्याने पाहिलं.
मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं.
चोचीने हलकेच टकटक केलं,
आणि खाण्याचं काही सापडलं असं समजून
कुट कुट कुट करत
सगळ्या बायकांना बोलावून आणलं.