तेल

एम्मेटच्या मनगटावर आधी एक रेघ उठली,
लाल पेन्सिलीनं ओढावी तशी.
संध्याकाळपर्यंत तिच्यावर फोड, ओळीनं,
आणि सकाळी गालावरही.

पण जंगलात तो गेलाच नव्हता.
पाइन फोर्कचा ओढा आठवडाभर फुगलेला,
मी कुणालाच कुंपणापलीकडे सोडलं नव्हतं.
ओपलला दरडावून विचारलं. कुत्र्याला साबणानं घासलं,
तो बिचारा न केलेल्या गुन्ह्यासाठी
थरथरत उभा राहिला.

औषधांच्या दुकानात थेल्मा क्रचफील्ड
काउंटरवर वाकून म्हणाली,
'फोडातल्या पाण्यानं नाही पसरत हे.
लोक उगाच लेकरांना वाळीत टाकतात.
पसरतं ते त्या वेलीचं तेल. तेल कुठे आहे ते शोध.
आणि डोळा सुजला तर माझ्याकडे नको येऊस,
सरळ डॉक्टर गाठ.'

रात्री टबात कोमट पाणी,
दळलेले ओट्स ओपलच्या जुन्या पायमोज्यात बांधून.
पिळलं की पाणी दुधासारखं होतं.
'मी काय नाश्ता आहे?' एम्मेट म्हणाला.

मग नखं कापली. इतकी मागे
की करंगळीला रक्त आलं.
मी ओशाळले. तो म्हणाला,
'दुखणं बरं. त्याला खाज नसते.'

वर गुलाबी कॅलमाइन,
वाळून तडकलेलं, चादरभर पापुद्रे.
दोनदा उठून गार पाण्याचं फडकं बदललं.
तिसऱ्यांदा त्याच्यावर ओरडले.
चौथ्यांदा गेले तेव्हा तो जागाच होता,
हात उशीखाली.

उशीखाली रॉइसचे हातमोजे.
चामड्याचे. बोटं अजून वाकलेली,
कुऱ्हाडीचा दांडा आत्ताच सोडल्यासारखी.
गेल्या ऑक्टोबरात त्यानं चिमणीवर चढलेली वेल उपटली,
पानं झडलेली, नुसता केसाळ दोर.
जाळली नाही, तिचा धूरही बाधतो
एवढं त्याला ठाऊक होतं.
मोजे शेडमधल्या खिळ्याला अडकवले
आणि डाकोटाला गेला, तेलाच्या विहिरींवर.
रविवारी फोन करतो.
म्हणजे, कधी कधी.

आठ महिने माणूस घरात नाही
आणि पोराच्या अंगावर खाज त्याची.
मी हसले अंधारात. चांगलं हसू नव्हतं ते.

'मी फक्त हात घालून बघत होतो,' एम्मेट म्हणाला,
'बोटं अजून टोकाला पोचत नाहीत.'

सकाळी अभ्रे, चादरी, त्याचे कपडे, सगळं गरम पाण्यात.
चामड्यातून ते निघत नाही, थेल्मा म्हणते, टाकून दे.
हाताला पिशवी गुंडाळून मोजे दुसऱ्या पिशवीत कोंबले,
दोन गाठी मारल्या,
आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले.
कचऱ्याचा ट्रक आला. हॉबर्टनं खिडकीतून हात केला.
मीही केला, पिशवीच्याच हातानं.
ट्रक गेला.

पिशवी आता शेडमधल्या सगळ्यात वरच्या फळीवर,
रंगाच्या डब्यांमागे.
एम्मेटला सांगितलंय, टाकले.

तो गाल पुढे करतो. डोळे मिटून विचारतो,
'जायला किती दिवस लागतात?'
दोन आठवडे. फार तर तीन.
'नाही. तेल जायला.'

मी बाटली हलवत राहते,
तळाशी बसलेलं गुलाबी
वर येईपर्यंत.