गाळा नंबर बी-सतरा

रबाळ्याच्या एमआयडीसीत, बंद पडलेल्या औषधांच्या कारखान्यात
घाम आला की अजून कडू वास येतो.
इथे दमयंती तांडेल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते,
मांडीवर भाड्याची पावती,
डावा गुडघा दुसऱ्या कुणाचा असावा तसा
पुढे ठेवलेला.

वीस वर्षं ती पडत होती.
बंगळुरात, बर्लिनमध्ये, तेच तिचं काम:
उंचावरून पडायचं, आवाज न करता.
कुणी शिकवलं विचारलं की बापाचं नाव सांगायची.
मिठागराच्या बांधावर पाय घसरला की तो म्हणायचा,
जमिनीशी भांडाचा नाय, आंग सैल सोराचा.

मिठागर गेलं.
साडेबारा टक्क्यांतला प्लॉट आला,
तो विकून तिने लाकडाची ही जमीन बसवली.
भाऊ अजून बोलत नाही.

नवा पोरगा पडतो. धप्प.
"पुन्हा."
धप्प.
वाशीच्या नाट्यगृहाची तारीख, लाइटवाल्याचे नऊ हजार,
जीएसटी, दोन मुलींचा रिक्षाखर्च
आणि धप्प.
"भांडतोयस," एवढंच म्हणते.

रात्री साडेनऊला तो पडतो
आणि काहीच ऐकू येत नाही.

खुर्चीत तिचं अंग सैल.
पावती कधीची खाली.