पांझरा, क्रियापद

नववी ब. जेवणानंतरचा तास, डुलक्यांचा.
धड्यात एक शब्द आला: मिअँडर.
फळ्यावर अर्थ लिहिला:
वळणं घेत जाणे. रमतगमत जाणे. भरकटणे.
मग जरा मिरवावं म्हणून सांगितलं,
ही मुळात नदी, तुर्कस्तानातली,
इतकी वळायची की परक्या लोकांनी तिचं नाव सोडवून नेलं
आणि क्रियापदांच्या दावणीला बांधलं.
आता रस्ता मिअँडर करतो, गप्पा करतात,
मुद्दा हरवलेला पाहुणा भाषणात करतो.

हेही सांगितलं
की गाळ टाकत टाकत तिनं समुद्र मागे सारला,
बंदरं होती ती गावं शेतात उभी राहिली.
एवढं मोठं काम,
ते मात्र शब्दात आलं नाही.
फक्त वाकडी चाल आली.

तिसऱ्या बाकावरून चित्रा निंबा:
"सर, आपल्या पांझरेचा इंग्रजीत काय अर्थ होतो?"
वर्ग हसला. मीही.
खिडकीतून ती दिसत होती,
बरीचशी वाळू, थोडं पाणी,
पाण्याच्या मापाच्या चार म्हशी.
"होत नाही," मी म्हणालो. "ते विशेषनाम आहे."

सहामाहीत प्रश्न चौथा, आ: शब्द वाक्यात वापरा.
तिनं दिलेला शब्द सोडून दिला.
लिहिलं: माय फादर पांझराज द वॉटर.
आणि खाली, मला कळणार नाही हे ओळखून,
मराठीत, बारीक अक्षरात:
"पांझरणे म्हणजे पाळीनं देणे."
मी लाल शाईनं वर्तुळ केलं.
वर्तुळ म्हणजे शून्यच.

तिचा बाप नेरच्या फडावर पाटकरी.
हे मला ठाऊक होतं, पण हजेरीपटासारखं ठाऊक.
त्या वर्षी उन्हाळ्यात, वीज गेलेल्या एका रात्री
पाटाच्या कडेनं फिरत गेलो
तर हा वाकलेला, कंदील ढेकळावर,
फावड्यानं एक तोंड फोडतोय, दुसरं चिखलानं बुजतोय,
आणि पाणी, सांगितलेलं ऐकणाऱ्या वासरासारखं,
थांबून, वास घेऊन, वळतंय.
मी शहाणपणानं विचारलं,
पाट सरळ काढला असता तर लवकर पोचलं नसतं?
निंबा फावड्याला टेकला.
"सरय चालनं तं कोनलेच भेटनार नई, मास्तर.
वाकडं चालस, म्हनीसन समदासले भेटस."
आणि पुन्हा वाकला. त्याला अजून सात वाफे होते.

पेपर तोवर रद्दीत गेले होते.
चित्रा दहावीनंतर सुरतेला, उधन्याला,
साड्यांच्या घड्या घालते असं कानावर आलं.
मी कळवलं नाही. काय कळवणार,
अर्धा मार्क?

आता पांझरेला पाणी सोडतात तेव्हा येतं,
तारखेनं, पाहुण्यासारखं.
निंबा नाही. फडावर ज्यानं त्यानं बोअर घेतलाय,
पाळी कुणाची, असं कुणी विचारत नाही.
मी रिटायर. सकाळी चालायला जातो,
पुलावर उभा राहतो, विषयांतर करत परत येतो.

काल तो जाडा शब्दकोश काढला, पाठ फाटलेला.
पी उघडलं. पॅन, पँथर, पँट्री,
बोट खाली सरकवत नेलं
तर जिथं आपली नदी बसायला हवी
अगदी तिथं, एका ओळीच्या अंतरावर,
एक जर्मन रणगाडा उभा: पँझर.
त्यालाही कुणीतरी उसना आणलाय,
त्याला कुणी विशेषनाम म्हणून हाकललं नाही.

पेन्सिलला टोक केलं.
रणगाड्याच्या वर, दोन ओळींच्या फटीत
जागा फार अरुंद होती, अक्षर वाकडं आलं.
पांझरा. क्रि.
पाळीनं देणे.
उदाहरणाची जागा रिकामी ठेवायची नव्हती,
म्हणून तिचंच वाक्य घातलं,
जसंच्या तसं,
शेवटच्या त्या ज सकट.