सोनेगाव, रात्री दीड

मे महिना. कूलरच्या वाळ्याला
आत्ता कुठे वास सुटलाय.
उशीवर लॅपटॉप ठेवून मी
जानेवारीतलं बेट शोधते आहे.
नागपूर ते चेन्नई, चेन्नई ते पोर्ट ब्लेअर,
तीन माणसं, एक व्हीलचेअर,
मध्ये चार तास वीस मिनिटं.

बाबा चष्मा कपाळावर ढकलून वाकतात.
"चार घंटे? मद्रासले चार घंटे काय करते वं विमान?"
विमान काही करत नाही, बाबा. आपण बसायचं.
"आमच्या टायमाले इतक्यात चारही परत."

चारही. मला पाठ आहे, तरी थांबवत नाही.
दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास,
टपालाची विमानं मध्यरात्रीनंतर इथे उतरायची,
लग्नात चार व्याही उभे राहावेत
तशी जवळजवळ, पण आब राखून.
आणि बाबा, बावीस वर्षांचे, हंगामी,
याच्या पोटातली थैली त्याच्या पोटात.
थंडीत दिल्लीची थैली हाताला चावायची.
मद्रासची जड, दमट, कापडाला खारट वास.
एकदा तिच्या शिवणीतून वाळू सांडली,
चिमूटभर.
ती त्यांनी चाखली.
हे आईला अजून माहीत नाही. मला सांगितलं
मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री,
जणू मृत्युपत्रच.

विमानात ते हजार वेळा चढले असतील.
दारापर्यंत.

आईचे प्रश्न निराळे.
कूलरमध्ये पाणी कोण टाकील?
जानेवारीत कूलर कशाला, आई.
मग मोगऱ्याले? शालूच्या पोराकडे किल्ली द्यावी
तर तो फ्रिज उघडा टाकते.
भाकर भेटते का तिकडे?
समुद्रात लुगड्यानं जाऊ देतात का?
हा शेवटचा ती हळू विचारते
आणि सरगुंड्यांचा डबा उगाच घट्ट लावते.

तेवढ्यात भाडं सातशेनं वाढतं.
लाल अक्षरात: फक्त तीन जागा शिल्लक.
"हे तं सीताबर्डीच्या फुटपाथवाल्यावाणी करून राह्यलं,"
बाबा म्हणतात, "उठून चालल्यावानी कर,
मांगून आवाज देते का पाह्य."
मी खरंच पान बंद करते. पुन्हा उघडते.
आणखी दोनशे वाढलेत.

आधारवर सुखदेव, पेन्शनच्या कागदावर सुकदेव.
मी ख टाकते.
खिडकी हवी का?
"उजवीकडची दे. सामान तिकडून चढते.
पोट्टे थैल्या फेकतात का ठेवतात, पाह्यतो."
निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाखालचा झोपाळा,
मी फोटो दाखवत होते तासभर;
त्यांनी एकाच ठिकाणी बोट ठेवलं होतं,
जेटीवर कोणी तरी पोतं उतरवतंय तिथे.

"अन् नागपूरले विमान बदलाव लागत नाही नं?"
नाही, बाबा. इथूनच निघायचंय आपल्याला.
ते काही बोलत नाहीत.
जयताळ्याच्या पत्र्यांवरून एक विमान खाली सरकतं,
आलमारीतली कपबशी वाजते,
आणि ते घड्याळाकडे बघतात, सवयीनं.
दीडला पाच कमी.
"बिफोर हाय," म्हणतात.

पैसे त्यांच्या खात्यातून, हा त्यांचा हट्ट.
म्हणून सहा आकडे त्यांच्या फोनवर येतात.
फोन हातभर लांब धरून
ते वाचायला उभे राहतात. बसून नाही.
"चार! शून्य! सात!" एकेक,
इंजिनांच्या आवाजावरून पलीकडे जावा
असा आवाज, शेजारच्या कुत्र्याला जाग येते,
आई म्हणते अहो, रात्र हाय,
"सात! दोन!" मी दाबत जाते,
आणि शेवटचा नऊ ते दोनदा सांगतात,
फोन खाली न करता,
मी हुं म्हणेपर्यंत.