बारा रकाने

वहीत बारा रकाने आखलेत. पेन्सिलने.
या कामाला मी पेन वापरत नाही,
सोहारच्या कॉलेजात सहा वर्षं काढून
शिकले ते एवढंच.

तस्नीम. सेंटर. सहा फूट एक इंच.
वडील बंदरावर क्रेन चालवतात, कंत्राट जूनपर्यंत.
अकोल्यात जून हा नुसता महिना होता,
इथे त्याला तारीख असते, कार्डावर छापलेली.
लिनेट. लांबून टाकते, दहात सहा.
आईने कॅनडाचे कागद भरलेत.
जिन्सीचं शेवटचं वर्ष, त्यात गुडघा.
शम्साचा साखरपुडा झाला.
मुलगा म्हणतो, खेळू दे.
सासू अजून काही म्हणालेली नाही
आणि मी ते न म्हणणं ऐकून आहे.

डीन खल्फान लिफ्टमध्ये विचारतात,
कसा आहे पुढच्या वर्षीचा संघ?
उत्तम, सर.
पर्समध्ये खोडरबराचा चुरा.

आमचे गावंडे सर
जिमखान्याच्या चौकटीवर खडूची रेघ ओढायचे,
रेघेला डोकं टेकलं की पोरगी संघात.
माझं टेकलं नव्हतं.
मी टाचा उचलल्या होत्या,
सरांनी पाहिलं आणि पाहिलं नाही.

ऑगस्टातल्या गुरुवारी सहमला गेले.
समुद्राची वाफ काचेवर, वायपर लावून गाडी चालवत.
रुकय्या, मासळीवाल्या सालिम मअमरींची धाकटी,
शाळेच्या पीटी बाईंनी नाव दिलेलं.
अंगणात भिंतीला रिंग होती, भावाची,
जाळी गेलेली, खाली बोट दुरुस्तीला उलटी.
मी म्हटलं, दोन बॉल टाकून दाखव.
ती हसली आणि आत गेली.
पाहुण्यांसमोर कोण धावतं?

मग बायकांची बैठक. आई, दोन मावश्या,
शेजारीण, शेजारणीची सून, मी.
मी स्कॉलरशिपचं बोलले, बसचं बोलले,
संध्याकाळी सातच्या आत घरी, हेही बोलले.
मोठी मावशी म्हणाली, उंची तर नाही हिला.
खरंच नव्हती.

रुकय्या कॉफी घेऊन आली.
डाव्या हातात दल्ला, उजव्या हातात फिंजान,
रीतच तशी.
भरलेली दल्ला, वजनदार, आणि मनगट हललं नाही.
आईकडे पाहत होती, आणि कप शेजारणीच्या हातात.
सून खजुराकडे वळायच्या आधी
खजूर तिच्याकडे वळला होता.
मधे एक रांगतं मूल आलं,
ती थांबली नाही, फिरली,
टाचेवर, अर्ध्या पावलात,
आणि थेंब सांडला नाही.
कुणाचा कप रिकामा होणार
हे तिला त्या बाईच्या आधी कळत होतं.

फिंजान हलवला की पुरे, असा इथला संकेत.
मी हलवला नाही.
दुसरा. तिसरा.
पाचव्याला मावश्यांनी एकमेकींकडे पाहिलं,
ही हिंदी बाई रात्रभर झोपायची नाही.
मी गुळगुळीत कडू वेलदोडा गिळत
पास मोजत होते.

सातव्याला तिला कळलं.
ओतता ओतता तिने पहिल्यांदा
सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं,
आणि तोंड तिकडे ठेवून
हलव्याची बशी न बघता
माझ्या उजव्या गुडघ्यापाशी सरकवली.

वडील दारातूनच म्हणाले, विचार करून कळवतो.
इन्शाल्ला.
या शब्दाचे निदान चार अर्थ मला येतात,
त्यातला कुठला, ते उन्हात उमगलं नाही.

हायवेला पेट्रोल पंपाशी गाडी लावली.
वही स्टीअरिंगवर ठेवली.
सातवा रकाना. पॉइंट गार्ड.
पेन पर्समध्ये होतं, हाताला लागलंही.
पेन्सिलनेच लिहिलं,
जरा दाबून.
आठव्या पानावर उमटलंय.