खंड

तहसीलच्या भिंतीला लागून माझं टेबल.
वर निळी ताडपत्री, एका पायाखाली वीट
(टेबलाच्या). माझे दोन्ही सुजलेले, चपलेतून बाहेर.
जून लागला की नर्सिंगवाल्यांची गर्दी,
ठाण्यातून, कळव्यातून, खाडीपलीकडून.

कुणाला न विचारता वाटा पाठ झाल्यात माझ्या.
बारावीला विज्ञान, मग सीईटी, मग चार वर्षं:
हा सरळ रस्ता. त्यावरच्या मुली
फाइल बापाच्या हातात देऊन मोबाइल बघत उभ्या.
दुसरा रस्ता गावाला वळसा घालून जातो.
एएनएमची दोन, जीएनएमची तीन,
मग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक घेऊन
पोस्ट बेसिकची आणखी दोन.
सात वर्षं, त्याच पदवीच्या दारात पोचायला.
आणि वाटेत कुठे थांबलात,
तर त्या थांब्याला सरकारी नाव आहे:
खंड.

जयवंती मढवी, राहणार गोठिवली, वय चौतीस.
फाइल बांधलेली बँडेजच्या पट्टीने.
एएनएम आणि जीएनएमच्या मधली सहा वर्षं कोरी.
मजकूर माझा ठरलेला, मी बोलत बोलत टाइप करतो:
'सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण घेतलेले नाही.'

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

मागे आठ जण. नोटरी जेवायला उठायच्या बेतात.
मी म्हटलं, बाई, कुठल्या कॉलेजात नाव होतं का?
नव्हतं ना? मग खरंच आहे.

"सासू अंथरुणावर होती.
दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा.
पाठीची जखम मुठीएवढी होती,
पेराएवढी केली मी.
नंतर ऐरोलीच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी.
हाक मारताना सिस्टर, पगार देताना आया.
एकदा एका बाळंतिणीचं रक्त थांबेना,
डॉक्टर रबाळ्याच्या सिग्नलला अडकलेले.
त्या वीस मिनिटांत जे शिकले
ते कुठल्या वर्षात धरायचं, काका?"

धरायला रकाना नाही. मी तसं सांगितलं.
मग विचारलं, कारण काय टाकू?
लोक 'घरगुती' म्हणतात,
मी 'घरगुती कारणास्तव' टाकतो.
अठ्ठावीस वर्षांत या दोन शब्दांत
किती बायका कोंबल्या, मोजलं नाही.

ती थोडा वेळ प्रिंटरकडे बघत राहिली.
"टाका. प्रवेश पाहिजे मला."

सही करताना 'शपथेवर' या शब्दापाशी
पेन जरासं अडलं. शाईचा ठिपका पडला तिथे.
मी दुसरी प्रत काढून देतो म्हटलं,
ती म्हणाली, राहू दे.

मग ती खाली वाकली.
मला वाटलं, पेनाचं टोपण पडलं असेल.
तिने अंगठा माझ्या नडगीवर ठेवला
आणि दाबून धरला. ओठ हलत होते, मोजत होती.
उचलला तेव्हा तिथे खड्डा राहिला,
तिच्या अंगठ्याच्या मापाचा.

"कधीपासून?"
दिवसभर बसून काम, मी म्हटलं, उतरते रात्री.
"रात्री नाही उतरत, काका. तुम्ही झोपता म्हणून दिसत नाही.
आजच जा. सिव्हिलला. बीपी बघा, लघवी तपासा,
आणि लोणचं बंद."
मला लोणच्याचं कसं कळलं, विचारायचं राहिलं.
डबा उघडाच होता बहुतेक.

पैसे मोजून दिले. सूट तिने मागितली नाही,
मीही दिली नाही.

पुढची मुलगी बसली, बापासकट.
मी नाव घेतलं, आडनाव घेतलं,
सवयीने विचारलं, मधे खंड वगैरे?
"छे, एक वर्षही नाही," बाप म्हणाला.

मी खाली बघितलं.
खड्डा अजून भरला नव्हता.